शुगर ग्लायडरचं रात्रीचं ताट

शुगर ग्लायडर म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत झेपावणारा, खारीएवढा पिशवीवाला प्राणी. हा रात्री जागतो, म्हणून ताट दिवेलागणीनंतरच भरा. सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला 20 ग्रॅमच्या आसपास अन्न पुरतं: उकडलेलं अंडं, पाळीव अळ्या, पपई, भोपळा, थेंबभर मध. हापूस आणि केळं एखादीच फोड. त्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं, नाहीतर हाडं ठिसूळ होऊन मागचे पाय लुळे पडतात. कॅल्शियमची पूड द्याच, मात्रा पशुवैद्यकाला विचारून. परसातले किडे मात्र नकोत, बागेतली फवारणी त्यांच्या अंगात असते.

कोकणच्या दमट हवेत फळ लवकर आंबतं. उरलेलं सकाळीच काढा. मुंग्या चढू नयेत म्हणून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आणि जोडीच पाळा, एकटा राहिला की स्वतःचेच केस उपटतो.