गळ्यातल्या नळीची सफाई: हात लावण्याआधीची तयारी

ट्रेकिऑस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली, नळी साफ करायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो मधेच “अगं, ती गॉज कुठे ठेवलीस?” करण्यात, आणि नेमका तेव्हाच नळी असलेल्या आमच्या अण्णांना ठसका लागतो. म्हणून आमच्या घरी नियम एकच: सगळं सामान हाताशी आल्याशिवाय गळ्याला हात लावायचा नाही. हे सगळं मोठ्या माणसांच्या नळीबद्दल आहे. लहान मुलांची मापं आणि पद्धत वेगळी. सिस्टरांनी तुमच्या हातून एकदा तरी करवून घेतलेलं असेल, तरच घरी करा.

आधी सक्शन मशीन, म्हणजे बेडका ओढून काढणारं यंत्र. बटण दाबून त्याच्या नळीचं टोक अंगठ्याने बंद करा आणि काटा बघा. मोठ्यांसाठी 80 ते 120 मिमी पारा एवढा दाब असतो. कॅथेटर, म्हणजे बेडका ओढायला आत घालायची बारीक नळी, गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, म्हणजे 8 नंबरच्या नळीला फार तर 12 फ्रेंच (हे कॅथेटरच्या जाडीचं माप). आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, आणि सगळं मिळून 10 ते 15 सेकंदांत. मशीनची बरणी काठोकाठ भरायची वाट बघू नका, आधीच रिकामी करून धुवा. वीज दुरुस्तीसाठी जाणार असल्याचा मेसेज आला की बॅटरी रात्रीच चार्जिंगला लावायची. पायाने चालवायचा सक्शन पंपही मिळतो. मला विचाराल तर तो घरात असावाच.

मग ताट. आम्ही यासाठी स्टीलचं एक ताट वेगळंच काढलंय, त्यात दुसरं काही ठेवू देत नाही. त्यात हातमोजे, सलाइनची छोटी बाटली (फोडल्याची तारीख-वेळ पेनाने तिच्यावरच लिहा, 24 तासांनी टाकून द्या), बारीक ब्रश, दोन वाट्या, मधे चीर असलेली तयार गॉज आणि नळी मानेला बांधायची नवी नाडी. गॉज घरी कात्रीने कापू नका, कापल्या कडेचे धागे सुटून श्वासात जातात. हायड्रोजन पेरॉक्साइड सरसकट वापरू नका, चांदीच्या आणि काही प्लास्टिकच्या नळ्यांना ते चालत नाही; आपल्या नळीचं डॉक्टरांना विचारून घ्या.

गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी दुसरी, म्हणजे आतली नळी निघणारी असेल तर तिची जोडी हवीच. एक काढली की स्वच्छ असलेली लगेच बसवायची आणि मळकी निवांत धुवायची. धुतल्यावर खिडकीकडे धरून आरपार बघा. वाकणापाशी आतल्या बाजूला पिवळट पापुद्रा चिकटून राहतो. वरवर धुतलं तर तो तसाच राहतो. ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवा, सलाइनने खळबळा, पाणी झटका. दिवसातून दोन-तीनदा तरी हे होतंच, बेडका घट्ट असेल तर जास्त वेळा.

नाशिकच्या थंडीत तो घट्ट होतोच. नाकाने हवा ओली आणि ऊबदार होते, गळ्यातून थेट आत जाणारी हवा मात्र कोरडी असते. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत तर विचारूच नका. एचएमई फिल्टर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारं कृत्रिम नाक, दोन-चार जास्तीचे आणून ठेवा. देवघरातली उदबत्ती त्या खोलीपासून लांब. आईला हे पटायला वेळ लागला, पण देव काही रागावले नाहीत.

नाडी बदलताना दोन माणसं लागतात. आई नळीची मानेवरची पट्टी धरते, “अहो, मान हलवू नका हं,” म्हणते, आणि मी नवी बांधून झाल्यावरच जुनी कापतो. नाडीखाली एक बोट जाईल इतकी सैल ठेवायची. नळीला फुगा (ती श्वासनलिकेत घट्ट बसवणारा कफ) असेल तर त्याचा दाब 20 ते 30 सेंमी पाणी, आणि तो मापकावर बघायचा; चिमटीत दाबून अंदाज नको. अण्णांना हाक मारता येत नाही, म्हणून पूजेची जुनी घंटी उशाशी.

शेवटी अडीअडचणीची पिशवी. त्याच मापाची एक नळी, एक नंबर लहान दुसरी, नळी आत घालताना तिच्यात ठेवायचा भरीव दांडा म्हणजे ऑब्च्युरेटर, जेली, कात्री, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग. श्वास अडकला तर आधी आतली नळी काढून बघा, पुष्कळदा अडथळा तिथेच असतो. अख्खी नळी निसटली तर 108 लावा. नळी घालायला शिकलेलं माणूस घरात असेल तर त्याने नवी घालायची आणि ऑब्च्युरेटर त्याच क्षणी बाहेर काढायचा, कारण तो आत असेपर्यंत हवा जात नाही. 2027च्या सिंहस्थात पर्वणीला रस्ते बंद राहतील, पंचवटीकडच्यांनी आठवड्याचं सामान आधीच भरावं. आणि मुंबईला दाखवायला नेताना ही पिशवी डिकीत टाकू नका. कसारा घाटात गाडी थांबवून डिकी उघडायला वेळ नसतो. ती मागच्या सीटवर, अण्णांच्या शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर.