फ्रीबीएसडी टाकण्याआधी मशीन तपासा: या चुका टाळा

फ्रीबीएसडी म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. सांगलीत तिच्याबद्दल विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर झाला की त्यांना खरं युनिक्स हाताळून बघायची हौस येते. दुसरे मार्केट यार्डातले नाहीतर कुपवाड एमआयडीसीतले ऑफिसवाले. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मशीनचा त्यांना फाइल सर्व्हर करायचा असतो. दोघांची तक्रार मात्र एकच: "टाकलं, पण चालत नाही." अशा वेळी मी आधी विचारतो की आत नेटवर्कची चिप कुठली आहे. उत्तर बहुतेक असं येतं: "डेलचा लॅपटॉप आहे." सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

रॅम बघितली, चिप बघितली नाही

लोक 'मिनिमम रिक्वायरमेंट' शोधतात आणि खूश होतात, कारण आकडा फार लहान असतो. ग्राफिक्सशिवाय फ्रीबीएसडी काहीशे एमबी रॅमवरही उठते. डेस्कटॉप नीट वापरायचा तर चार जीबी धरा, आठ असली तर उत्तम. प्रोसेसर गेल्या पंधरा वर्षांतला कुठलाही चालतो. पण अडचण या आकड्यांत नसते, ती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सिस्टिमला चिपशी बोलायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ साली आली. तेव्हापासून तिचे बरेचसे ड्रायव्हर स्वयंसेवक आणि मोजक्या कंपन्या लिहीत आल्या आहेत. कार्ड बनवणारा आधी विंडोजचा ड्रायव्हर देतो, मग जमलं तर लिनक्सचा. आपला नंबर त्यानंतर. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वाय-फायचं कार्ड वेगवेगळं निघू शकतं. म्हणून "मित्राच्या त्याच मॉडेलवर चाललं" हा पुरावा नव्हे.

मार्केट यार्डात पोत्यातली हळद हातावर घेतल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. इथेही तेच करा. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर 'लाइव्ह सिस्टिम' हा पर्याय असतो. तो घ्या, रूट या मुख्य युजरच्या नावाने आत जा (पासवर्ड लागत नाही) आणि 'पीसीआयकॉन्फ' ही आज्ञा 'एल' आणि 'व्ही' हे पर्याय लावून चालवा. मशीनमधल्या सगळ्या चिपांची यादी समोर येते. ज्या ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव आहे, ती चिप ओळखली गेली. जिथे 'नन' लिहिलंय, तिला ड्रायव्हर मिळालेला नाही. अशा दोन-चार ओळी असतातच, घाबरू नका. त्या नेटवर्कच्या किंवा डिस्क कंट्रोलरच्या नाहीत ना, एवढं बघा. हार्ड डिस्कला हात न लावता पाच मिनिटांत कळतं. तरीही हे कुणी करत नाही, याचं मला नवल वाटतं.

ड्रायव्हरचं नाव कळलं की त्याचं मॅन्युअल पान उघडा. चौथ्या विभागातल्या या पानांत 'हार्डवेअर' नावाचा भाग असतो आणि कुठल्या चिप चालतात ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांपेक्षा त्या पानावर विश्वास ठेवा.

चुकीची फाइल उतरवणे

इंटेलचा प्रोसेसर आहे म्हणून 'एएमडी६४' लिहिलेली फाइल सोडून 'आय३८६' उतरवणारे अजून भेटतात. एएमडी६४ हीच ६४ बिटच्या इंटेलसाठीसुद्धा आहे. दुसरा गैरसमज असा: मशीनवर ३२ बिटचं विंडोज सेव्हन आहे, म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटचाच. तसं नसतं. कोअर टू ड्युओची मशीन सरसकट ६४ बिटची आहेत, फक्त दुकानदाराने त्यावर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असायचं. खरोखर ३२ बिटचे म्हणजे जुने पेंटियम फोर, एटम एन२७० चे छोटे नेटबुक वगैरे. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या १५.० पासून आय३८६ चा आधार काढून टाकला आहे, तेव्हा अशा मशीनवर आता वेळ घालवू नका.

आवृत्ती निवडताना 'करंट' हा शब्द बघून ती सगळ्यात ताजी आणि म्हणून चांगली असेल असं वाटतं. करंट ही विकासकांची शाखा. चुका पकडण्यासाठीच्या जादा तपासण्या तिच्यात चालू ठेवलेल्या असतात, त्यामुळे ती हळू चालते. तुम्हाला 'रिलीज' हवी. १४ ची शाखा नोव्हेंबर २०२८ पर्यंत सांभाळली जाणार आहे. पण त्यातली १४.१, १४.२ अशी प्रत्येक छोटी आवृत्ती पुढची आल्यावर साधारण तीन महिन्यांत बंद होते. एकदा टाकली आणि पाच वर्षं विसरलो, असं चालत नाही.

पेनड्राइव्हसाठी 'मेमस्टिक' नावाची फाइल घ्या. विंडोजवरून रुफस या प्रोग्रामने लिहिणार असाल तर डीडी पद्धत निवडा. नुसती कॉपी-पेस्ट केलेली फाइल बूट होत नाही.

बायोसमधली दोन बटणं आणि बूटची एक अडचण

बायोस म्हणजे मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी उठणारा सेटिंगचा प्रोग्राम. त्यात सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच उठू देणारी सोय) बंद करा, नाहीतर इन्स्टॉलर उठतच नाही.

डिस्क कंट्रोलर 'रेड' किंवा 'आरएसटी' वर असेल तर 'एएचसीआय' वर आणा. बऱ्याच लॅपटॉपांत तो कारखान्यातूनच रेडवर येतो. मग इन्स्टॉलर म्हणतो डिस्कच नाही, आणि माणूस नवी डिस्क आणायला निघतो. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर मात्र सावध राहा. थेट बदल केला की विंडोज उठत नाही. आधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा.

पेनड्राइव्हवरून अर्धं बूट होऊन 'माउंटरूट' लिहून थांबलं आणि वर 'एरर १९' दिसला, तर पेनड्राइव्ह खराब असेलच असं नाही. बहुतेकदा यूएसबी जागं व्हायच्या आत सिस्टिम डिस्क शोधून मोकळी झालेली असते. आधी पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या पोर्टात लावून बघा. तरीही तेच झालं तर लोडरच्या, म्हणजे सिस्टिम चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, प्रॉम्प्टवर 'केर्न डॉट कॅम डॉट बूट-डिले' ला १०००० ही किंमत द्या, म्हणजे दहा सेकंद थांबून मग ती डिस्क शोधेल.

वाय-फाय

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंटेलची कार्डं सगळ्यात भरवशाची. त्यांच्या नव्या कार्डांसाठी 'आयडब्ल्यूएल-वायफाय' नावाचा ड्रायव्हर आहे. तो बरीच वर्षं जुन्या, हळू मानकांवरच चालत होता. २०२५ मधल्या १४.३ पासून त्यातल्या बऱ्याच कार्डांना एन आणि एसी या मानकांचा वेग मिळू लागला. तुमचं इंटेल कार्ड 'फार हळू चालतं' असं वाटत असेल आणि सिस्टिम १४.२ किंवा त्याआधीची असेल, तर राउटरला शिव्या देण्याआधी सिस्टिम अपग्रेड करा. एथेरॉसची ९००० मालिकेपर्यंतची जुनी कार्डंही चांगली चालतात. ब्रॉडकॉम असेल तर आशा कमी ठेवा, मीडियाटेक असेल तर ठेवूच नका. जुन्या लॅपटॉपचं कार्ड बहुतेक वेळा स्क्रू काढून बदलता येतं आणि सेकंडहँड इंटेल कार्ड स्वस्तात मिळतं. आठवडाभर ड्रायव्हरशी झटण्यापेक्षा ते बरं. काही लॅपटॉपांचा बायोस मात्र ठरावीकच कार्ड स्वीकारतो, तेवढं आधी बघून घ्या.

दुसरी अडचण फर्मवेअरची. ड्रायव्हर असला तरी काही चिपांना वेगळी फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागते. १४.० पासून 'एफडब्ल्यूगेट' ही आज्ञा चिप ओळखून योग्य फाइल आणते. पण आणायला नेट हवं आणि नेट तर त्याच कार्डावर अवलंबून. रूमवर राहणाऱ्या पोरांकडे केबलचं कनेक्शन नसतं. त्यांनी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावं. फ्रीबीएसडीला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, 'यूई०' या नावाने. त्याच्यावर डीएचसीपी (नेटवर्कचा पत्ता आपोआप मिळवणारी सोय) चालवलं की नेट आलं. फर्मवेअर उतरवून घ्या आणि फोन सोडवा.

केबलच्या कार्डांत इंटेल निर्धास्त. रियलटेकची ८१११ मालिका जवळपास प्रत्येक स्वस्त मदरबोर्डावर असते आणि सिस्टिमसोबत येणारा 'आरई' ड्रायव्हर ती ओळखतोही. मात्र मोठ्या फाइली जायला लागल्या की काही मशीनवर 'वॉचडॉग टाइमआउट' येतो आणि जोडणी तुटत राहते. उपाय म्हणजे पॅकेजमधून रियलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर, 'रियलटेक-आरई-केमॉड', घ्यायचा. नुसतं पॅकेज टाकून भागत नाही. लोडर डॉट कॉन्फ या लोडरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नवा ड्रायव्हर चालू करायची ओळ आणि त्या फाइलचा पत्ता सांगणारी ओळ, अशा दोन्ही लागतात. दुसरी ओळ विसरली की जुनाच ड्रायव्हर चढतो आणि माणूस म्हणतो, फरकच पडला नाही.

पडदा काळा पडला

ग्राफिक्स ड्रायव्हर मूळ सिस्टिममध्ये येत नाही, वेगळा टाकावा लागतो. इंटेल आणि एएमडीसाठी 'डीआरएम-केमॉड', एनव्हिडियासाठी त्यांचा स्वतःचा. मॉड्यूलचं (ड्रायव्हरच्या फाइलचं) नाव लोडर डॉट कॉन्फमध्ये टाकू नका, सिस्टिमच्या सेटिंगची फाइल आरसी डॉट कॉन्फ हिच्यातल्या 'केएलडी-लिस्ट' मध्ये टाका. शिवाय आपला युजर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये असायला हवा. तो नसेल तर डेस्कटॉप येतो, पण सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि पंखा गरगरत राहतो. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर ताजा ड्रायव्हर चालणार नाही. केपलर पिढीला ४७० मालिका आणि फर्मी पिढीला ३९० मालिका लागते.

खरा दगा देतं ते अपग्रेड. १४.१ वरून १४.२ वर गेलात आणि पुढच्या बूटला पडदा काळा, असं होतं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) नवं आणि ग्राफिक्सचं मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं, म्हणून दोघांचं जुळत नाही. लोडरच्या मेनूतून सिंगल युजरमध्ये जा, फाइल सिस्टिम लिहिता येईल अशी करा, केएलडी-लिस्टची ओळ तात्पुरती बंद करा आणि साध्या पडद्यावर बूट होऊन मॉड्यूल नव्याने मिळवा. १४.२ पासून कर्नल मॉड्यूलसाठी वेगळी रिपॉझिटरी आली आहे. ती चालू ठेवलीत तर हा ताप बराच कमी होतो.

झाकण लावल्यावर झोपणं हा लॅपटॉपचा वेगळाच विषय. बऱ्याच नव्या मॉडेलांनी एस३ ही जुनी झोप काढून टाकली आहे, तिथे अपेक्षा ठेवू नका. बोटाचा ठसा घेणारं बटणही बहुतेक वेळा शोभेपुरतंच राहतं.

झेडएफएस, रॅम आणि डिस्क

यूएफएस आणि झेडएफएस या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती. रॅम दोन जीबी असेल तर यूएफएस घ्या. चार असेल तर झेडएफएस चालतं, आठ असेल तर निवांत चालतं. झेडएफएस रिकामी रॅम कॅशला वापरतं, म्हणून रॅम 'भरलेली' दिसते. तो दोष नाही. गरज पडली की ती सुटते, आणि कॅशला कमाल मर्यादाही घालता येते. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) मात्र कुणाच्या सांगण्यावरून चालू करू नका, ते खरोखर रॅम खातं.

जुन्या सर्व्हरात रेड कार्ड असेल तर त्याने बनवलेल्या एका मोठ्या डिस्कवर झेडएफएस टाकणं चूक आहे. झेडएफएसला प्रत्येक डिस्क स्वतःला दिसायला हवी, तरच ते खराब डेटा ओळखून दुरुस्त करू शकतं. कार्ड 'आयटी मोड' वर (डिस्का जशाच्या तशा दाखवणाऱ्या) आणा, किंवा काढून डिस्क थेट मदरबोर्डाला जोडा.

पुरातली मशीन आणि लाइट

हे कुठल्याच हँडबुकात नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीतली किती दुकानं पाण्यात गेली ते आपण पाहिलंय. त्यातली वाळवून, पुसून चालू केलेली काही मशीन अजून हातोहात फिरतात. विंडोजवर ती चालल्यासारखी वाटतात. फ्रीबीएसडीवर रात्रभर बॅकअप लावला की मध्येच रिबूट होतात आणि दोष सिस्टिमवर येतो. सेकंडहँड मशीन घेताना रॅमच्या स्लॉटमध्ये आणि कनेक्टरच्या मुळाशी बघा: हिरवट बुरशीसारखा थर किंवा मातकट गाळ दिसला तर सोडून द्या. घेतलंच असेल तर 'डीमेसेज' (कर्नलच्या संदेशांची यादी) मध्ये 'एमसीए' ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. त्या म्हणजे प्रोसेसरने स्वतः नोंदवलेली हार्डवेअरची चूक. त्यांच्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. रॅमची तपासणी मेमटेस्टने रात्रभर चालू ठेवा.

घरचा इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे. बॅटरी संपत आल्याचं तो मशीनला सांगूच शकत नाही. सर्व्हरसाठी यूएसबी डेटा केबल असलेला यूपीएस घ्या. एपीसीच्या यूपीएससाठी 'एपीसीयूपीएसडी' आहे. बाकी स्वस्त यूपीएसांपैकी बरेच 'नेटवर्क यूपीएस टूल्स' मधल्या 'नटडीआरव्ही-क्यूएक्स' या ड्रायव्हरवर चालतात. केबल लावून, मेन स्विच बंद करून, मशीन खरंच आपणहून बंद होतं का ते एकदा बघा.

ऑफिसातलं एकुलतं एक मशीन

टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, बोटाचा ठसा घेणारं यंत्र या सगळ्यांचं सॉफ्टवेअर आधी विंडोजसाठी बनतं. जीएसटी ज्या मशीनवरून भरता, त्यावर फ्रीबीएसडी टाकू नका. शेजारी दुसरं मशीन ठेवून त्यावर सांबाने (विंडोजच्या मशीनना फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइली वाटा. प्रिंटरमध्ये ऑफिसांत सगळीकडे दिसणारे छोटे लेझर प्रिंटर डोकं खातात, कारण त्यांची निम्मी अक्कल विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये असते. काहींना दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर चढवावं लागतं. नेटवर्कवर चालणारा, एअरप्रिंट समजणारा प्रिंटर असेल तर कप्सला (छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आणि मदत मागायची वेळ आली तर मोबाइलने काढलेला तिरका फोटो आणि "चालत नाही" एवढंच पाठवू नका. 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' चं उत्तर, 'पीसीआयकॉन्फ' ची पूर्ण यादी आणि बूटनंतरचा पूर्ण 'डीमेसेज' मजकूर स्वरूपात पाठवा. बूटच होत नसेल तर लोडरच्या मेनूत 'व्हर्बोज' चालू करून शेवटच्या वीसेक ओळींचा सरळ, वाचता येईल असा फोटो चालेल.