बागेतल्या रेल्वेचे खांब पावसाळ्यानंतर का हलतात? या चुका टाळा

बागेतल्या रेल्वेसाठी, म्हणजे बागेत धावणाऱ्या छोट्या मॉडेल गाडीच्या रुळांसाठी, खांब उभारताना बहुतेकांना चिंता असते ती गाडीच्या वजनाची. खरं तर ४५ मिमी गेजचं (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी) इंजिन काही किलोंचंच असतं, त्यानं खांब खचत नाही. खांब हलवते ती खालची माती, आणि तिला हलवतं पाणी.

काळ्या मातीत नुसता खड्डा खणून खांब रोवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात खांब वर-खाली होतात आणि तेही सगळे सारखे नाही. गाडी दर वेळी एकाच जागी रुळावरून उतरत असेल, तर चाकं तपासण्याआधी तिथे दोन्ही रुळांवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवून बघा.

अशा वेळी खांब आणखी खोल घाला, असा सल्ला हमखास मिळतो. पण या मातीची हालचाल दीड-दोन मीटरपर्यंतही जाऊ शकते. तिथे दोन फुटांच्या खड्ड्याचा काय पाड लागणार? त्यापेक्षा दीड फूट माती काढा, मुरूम थराथरानं पसरून पाणी मारा, धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा) आणि वर काँक्रीटचा ठोकळा ओता. मुरमात पाणी साचू नये म्हणून उताराकडे एक चर काढून द्या. ठिबकची नळी खांबांच्या एकाच बाजूला असेल, तर तेवढीच बाजू फुगते. ती नळी आधी हलवा.

एवढं करूनही थोडा फरक पडणारच. म्हणून खांबाच्या डोक्यावर आटे असलेला रॉड बसवा आणि रुळाखालची फळी वर-खाली दोन नटांमध्ये पकडा. दिवाळीच्या आसपास माती सुकायला लागली की पान्यानं पुन्हा लेव्हल जुळवता येते. लांब अंतरासाठी गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी अजूनही उत्तम. चढ मीटरला २ सेंमीच्या आत ठेवा.

लाकूड थेट काँक्रीटमध्ये गाडणं

खांबाभोवती पाणी मुरतं, बुंधा कुजतो, वाळवी लागते. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर घ्या, त्याला बाहेर उतार द्या आणि खांब लोखंडी पट्टीवर बोल्टनं कसा. माझ्या मते जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) चौकोनी पाइप लाकडापेक्षा केव्हाही बरा. फक्त वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग मारायला विसरू नका, कारण गंज तिथूनच सुरू होतो. वरच्या फळीसाठी साधा प्लाय नको. सिमेंट बोर्ड घ्या आणि दर दोन फुटांवर आधार द्या.

रूळ फळीला करकचून स्क्रूनं आवळणं

तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर पितळी रूळ साडेसात मिमीच्या आसपास वाढतो. मे महिन्यात रूळ कडेला वाकलेला दिसला, तर खांबाला दोष देऊ नका. स्क्रू ढिले करा, स्लीपरमधली (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमधली) भोकं लांबट करा आणि सांध्यांमध्ये फट सोडा.