जागलीच्या हंगामात परवान्याची बंदूक: घरात कशी ठेवावी, वावरात कशी न्यावी

सोयाबीन सोंगणीला आलं, तूर डोक्याएवढी झाली, पऱ्हाटीची बोंडं फुटू लागली की विदर्भात जागल, म्हणजे रात्रीची राखण, सुरू होते. रानडुकरांचे कळप आणि रोही (नीलगाई) रात्री वावरात उतरतात, आणि पावसाळाभर कपाटात पडून असलेली बंदूक बाहेर निघते. कुणाकडे एकनळी किंवा दुनळी १२ बोअर असते, तर कुणाकडे आजोबांच्या काळातली ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. या दिवसांत सर्वांत घातक सवय एकच: ‘रात्री धावपळ नको’ म्हणून बंदूक भरूनच कोनाड्यात उभी करून ठेवणे. वाचतात ते दोन मिनिटं, आणि धोका मात्र घरात चोवीस तास राहतो. म्हणून बंदूक भरायची ती वावरात पोचल्यावर, आणि रिकामी करायची ती वावरातून निघण्याआधी.

रिकामी आहे हे हातानं तपासा

‘मी परवाच काढलं होतं काडतूस’ या आठवणीवर विसंबू नका. बंदूक हातात घेताना, दुसऱ्याला देताना आणि ठेवताना, प्रत्येक वेळी तपासा. नळी माणसाकडे किंवा जनावराकडे नाही असं बघून, चापापासून बोट दूर ठेवून कळ दाबा आणि बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीतून उघडा. दुनळीच्या दोन्ही नळ्या बघा आणि अंधार असेल तर काडतुसाच्या जागी बोट घालून चाचपा.

ठासणीची बंदूक बाहेरून बघून भरलेली की रिकामी ते कळत नाही, आणि भरलेला बार (दारू आणि छर्रे) वर्षानुवर्षं नळीत राहू शकतो. तिची खूण गजावर, म्हणजे नळीत घालायच्या सळईवर, करून ठेवावी. नळी रिकामी असल्याची खात्री असताना गज तळापर्यंत घाला आणि तोंडाशी गजावर रेघ ओढा. पुढे कधीही गज घातला आणि रेघ तोंडाच्या तीन-चार बोटं वर थांबली, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक घरी खरवडू नका, तापवू नका, वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. घोडा सांभाळून टोपी (ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) काढा, ठाण्याला कळवा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच बार काढून घ्या.

पावसाळ्यानंतरची पहिली तपासणी

नळीतून उजेडाकडे बघायचं ते मागच्या बाजूनं, तोंडाकडून कधीच नाही. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी नळीच्या तोंडातही घर करते. बाहेरून दिसतं ते बोटभर मातीचं बूच. ते राहून बार उडाला तर मागून येणाऱ्या वायूला वाट मिळत नाही, नळी फुगते किंवा फाटते, आणि पुढच्या पकडीवरचा हात जवळच असतो. धुऱ्यावर घसरून नळीचं तोंड चिखलात गेलं तरी हेच होतं. माती गोळी झाडून निघत नाही. बंदूक रिकामी करून गजानंच काढावी लागते.

दसऱ्याच्या पूजेचंही एक सांगायला हवं. कालवलेलं हळदकुंकू, ओल्या झेंडूची पाकळी आणि अक्षता लोखंडावर रात्रभर राहिल्या की सकाळी तांबूस डाग दिसतो. अक्षता नळीत गेल्या तर आणखी वेगळी भानगड. पूजेला बंदूक मोडून, रिकामी ठेवा आणि संध्याकाळीच पुसून तेल द्या. त्या दिवशी हवेत बार काढण्याची हौस मात्र महागात पडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात आनंदाच्या भरात, लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

साफसफाई

गज, नळीच्या मापाचा पितळी ब्रश, जुन्या सुती धोतराचे तुकडे आणि मशीनचं पातळ तेल एवढं पुरतं. काडतुसाच्या बंदुकीत आधी ब्रश मागून पुढे सहा-सात वेळा फिरवा, मग तुकडा स्वच्छ निघेपर्यंत पुसा आणि शेवटी तेलाचा हलका हात द्या. जास्त तेल वाईट. ते ओघळून लाकडी कुंद्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. गोळी झाडण्याआधी नळी आणि काडतुसाची जागा कोरडी पुसून घ्या.

ठासणीच्या बंदुकीचं गणित वेगळं आहे. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते, आणि तिच्यावर नुसतं तेल फासलं तर गंज तेलाखालीच वाढतो. त्याच रात्री गरम पाण्यात थोडा साबण टाकून नळी धुवा, गरम कोरड्या कापडानं पुसून पूर्ण वाळू द्या आणि मगच तेल द्या. टोपी बसते ते छिद्र बारीक तारेनं मोकळं करा, कारण तिथे काजळी अडकली की टोपी फुटते आणि बार उडत नाही.

घरातली जागा

लोखंडी कपाट, कोरड्या भिंतीला बोल्टनं पक्कं आवळलेलं, ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं सुटं आणि जमिनीपासून विटेएवढं वर. बंदूक यात, काडतुसं दुसऱ्या कुलूपबंद पेटीत, आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. किल्ली देवाच्या फोटोमागे, कणगीत किंवा कोनाड्यात ठेवली तर घरातल्या आठ वर्षांच्या पोरालाही ती माहीत असते. ती परवानाधारकाच्या कमरेलाच बरी.

चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत बंदूक साठवू नका, त्या ओल धरतात आणि गंज धरतो. पिशवी फक्त ने-आण करण्यापुरती. युरियाची पोती आणि ब्लीचिंग पावडर ज्या खोलीत, तिथे कपाट नको. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची साधारण २५० ग्रॅमची पिशवी ठेवा आणि पंधरा दिवसांनी बघा. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलानं भरलं.

पौष-माघाच्या थंडीत वावरातून गार नळी उबदार घरात आणली की तिच्यावर दव जमतं. तशीच कपाटात बंद केली तर आठवड्यात गंज दिसेल. रिकामी करून, नजरेसमोर ठेवून तासभर घराच्या हवेला येऊ द्या, पुसा, मग कुलूप लावा.

काडतुसं

फुगलेलं, कागद सुटलेलं, बुडाला हिरवी कीट धरलेलं काडतूस वापरायचं नाही. जाळायचं नाही, पुरायचं नाही, विहिरीतही टाकायचं नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विचारून जमा करायचं. १२ आणि २० बोअरची काडतुसं एका पेटीत ठेवणं फार वाईट. २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत सरकून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून १२ चं बसतं आणि नळी फुटते. रंगावर जाऊ नका, बुडावरचा आकडा वाचा.

घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, ठासणीला दोन. फुसका आवाज आला तर लगेच दुसरं काडतूस घालू नका. डाट (काडतुसातलं दारू आणि छर्र्यांमधलं बूच) नळीतच अडकलेली असू शकते.

वावरात

मोटारसायकलवर, बंडीत, मचाणावर चढताना, तारेखालून जाताना बंदूक रिकामी आणि मोडलेली. मचाणावर आधी माणूस चढतो, मग रिकामी बंदूक दोरीनं वर येते, तोंड खाली करून. दारू प्यालेल्याच्या हातात ती द्यायची नाही, मग तो मालक का असेना.

अंधारात तुरीत खसफस झाली म्हणून झाडायचं नाही. डोक्याएवढ्या तुरीत बसलेला शेजारचा जागल्या आणि डुक्कर यांचा आवाज सारखाच. टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे गाईचेही असतात. पूर्ण जनावर दिसलं नाही आणि त्याच्या मागे काय आहे ते कळलं नाही, तर चापाला बोट लावू नका.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बदलानुसार रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. रोजच्या राखणीला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा झटका सोडणारं), फटाके आणि चार माणसांची जागल जास्त उपयोगी. थेट विजेचा प्रवाह तारेत सोडणं मात्र बंदुकीपेक्षाही वाईट, कारण ती तार माणूस ओळखत नाही.

बंदूक घराबाहेर कधी काढावी

नापिकी, कर्ज, घरातलं दुखणं यांनी कुणी गप्प पडलं असेल, झोप उडाली असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर त्या दिवसांत बंदूक घरात नको. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. फवारणीच्या औषधांनाही तेव्हाच कुलूप लावा. त्या माणसाला सरळ, प्रेमानं विचारा आणि एकटं सोडू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

परवाना पाच वर्षांचा असतो. तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. परवानाधारक वारला तर बंदूक मुलाच्या ताब्यात आपोआप जात नाही. विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि ठेवायची असेल तर वारसानं आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा.