आजोबांच्या बुटांसाठी चांगला कारागीर कसा शोधावा: इंदूरकरांसाठी

आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन जोड होते. एक आजोबांचे तपकिरी बूट, होळकर दरबारात नोकरीला असताना मापाने शिवून घेतलेले. दुसरा पणजोबांचा लाल पुणेरी जोडा. बाबांनी हौसेने बूट एका दुकानात दुरुस्तीला दिले. आठ दिवसांनी ते आले ते काळेभोर होऊन. चामड्याचा सोल गेला होता आणि त्याजागी रबर चिकटवलेलं. दुकानदाराला येत होतं ते काम त्याने केलं. पण आम्हाला काय हवंय, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. लाल जोड्याच्या वेळी मात्र मी दोन महिने फिरले. त्या फिरण्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

घालायचे की जपायचे?

कारागीर शोधण्याआधी घरात बसून हे ठरवा. लग्नात, मुंजीत घालायचे असतील तर सोल, टाच, अस्तर मजबूत व्हायला हवं. त्यासाठी जुनं काही काढून नवं घालावं लागेल आणि ते मान्य करावं लागेल. नुसते जपायचे असतील तर जितकं कमी काम तितकं चांगलं. मग नव्या सोलची गरजच नाही.

आधी बूट नीट बघा

सुती कापड अंथरून दिवसाच्या उजेडात बूट उलटा करा. सोलच्या कडेला चामड्याची अरुंद पट्टी आणि तिच्यावर टाके दिसले तर बहुधा तो वेल्टचा (म्हणजे या पट्टीला सोल शिवलेला) बूट आहे. हाताने असो वा गुडइयर पद्धतीच्या मशीनने, अशा बुटाचा सोल टाके उसवून काढता येतो, नवा शिवता येतो, आणि वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. नव्या बुटांत कधी कधी ही पट्टी नुसती दिखाव्याची असते, म्हणून कारागिराकडूनही खात्री करून घ्या. टाके आतल्या बाजूला, तळपायाखाली दिसत असतील तर ती ब्लेक शिवण. तीही उलगडता येते, पण तिला वेगळं मशीन लागतं. टाके कुठेच नसतील तर सोल बहुधा चिकटवलेला आहे. देशी जोडा सुताने किंवा चामड्याच्या वादीने शिवलेला असतो, आणि ते हात वेगळे. बुटाच्या कारागिराला वादीचं काम येतंच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. आतल्या दुमडलेल्या जागी बोट हळूच फिरवा. बोटाला गेरूसारखी तांबूस पूड लागली तर थांबा. झाडांच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं हवेतल्या आम्लामुळे असं सुटत जातं. ही झीज मागे फिरत नाही. अशा चामड्याला पाणी लागलं की ते काळं पडून कडक होतं, म्हणून ओलं फडकं, तेल, पॉलिश, काहीही लावू नका. हे काम मोच्याचं नाही, जुन्या वस्तू शास्त्रीय पद्धतीने जपणाऱ्या संवर्धकाचं आहे. लखनौला इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं.

पांढरी बुरशी असेल तर घाबरायचं कारण नाही. तोंडाला फडकं बांधून गच्चीवर मऊ ब्रशने झटका, सावलीत वारा लागू द्या. मालव्यातल्या पावसाळ्यानंतर ती बहुतेक घरांत दिसते. उन्हात मात्र वाळवू नका.

हे सगळं होईपर्यंत फोटो काढा: वरून, खालून, आतून, प्रत्येक फाटलेल्या जागेचा जवळून. कामानंतर तुलना करायला हेच उपयोगी पडतात.

शोधायचं कुठे

राजवाड्याच्या आसपासच्या बाजारांत बुटांची दुकानं पुष्कळ आहेत. पण दुकानापेक्षा मागच्या कारखान्याची चौकशी करा. "आप खुद बनाते हैं क्या?" एवढा एक प्रश्न पुरतो. विकणारा आणि शिवणारा एकच असेल तर गोष्ट पुढे जाते.

महू विसरू नका. कागदोपत्री आता डॉ. आंबेडकर नगर, पण आपल्या तोंडी महूच. इंदूरहून सुमारे २५ किलोमीटर. इन्फंट्री स्कूल, लष्करी प्रशिक्षण संस्था, वर्षानुवर्षांचा कॅन्टोन्मेंट. जिथे अधिकाऱ्यांचे बूट आणि घोडेस्वारीचे उंच बूट येतात, तिथे चामड्याचा सोल शिवणारे हात टिकून असण्याची शक्यता जास्त. कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरी केलेल्या कुणा नातेवाइकाला विचारा. मला माझा कारागीर असाच मिळाला, एका निवृत्त सुभेदारकाकांच्या ओळखीतून.

देवासला टाटांचा चामड्याचा मोठा कारखाना आहे. तिथे काम केलेली माणसं दुरुस्ती करत नसतील, पण चामडं ओळखतात. "हे क्रोमचं की सालीचं?", म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं की झाडाच्या सालीने, याचं उत्तर तिथल्या अनुभवी माणसाकडून मिळालं तर पुढची चूक टळते. आपल्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, तीही आठवा. ती माणसं कातडं कागदासारखं पातळ तासतात. सोल त्यांच्याकडे देऊ नये, पण वरच्या भागाला आतून पातळ ठिगळ लावायचं असेल तर अशा हातांइतकं नाजूक काम क्वचितच मिळेल.

इथे कोणी नाही मिळालं तर आग्रा. बुटांचं एवढं मोठं केंद्र आपल्या टापूत दुसरं नाही. फर्मा, म्हणजे बूट ज्यावर चढवतात तो पायाच्या आकाराचा साचा, तुमच्या बुटाच्या मापाचा मिळण्याची शक्यताही तिथे अधिक. पण कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा.

माणूस कसा पारखावा

लगेच "हो जाएगा" म्हणणाऱ्याकडे मी काम देत नाही. माझ्या कारागिराने, त्यांना मी चाचा म्हणते, जोडा हातात घेतला, वाकवला नाही, आधी वास घेतला, मग अंगठ्याने शिवण चाचपली आणि विचारलं, "पहनना है या रखना है, बेटा?" घालायचे की जपायचे, या पहिल्या प्रश्नावर मी न सांगताच आले होते ते. तिथेच माझं ठरलं.

कारागिराच्या शेजारी थोडा वेळ बसा. हातात आर (भोकं पाडायची टोकदार सुई) आणि रांपी (चामडं कापायचं हत्यार) आहे का, दोऱ्याला मेण चोळतात का, की समोर फक्त सोल्यूशनचा, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचा, डबा आहे, हे दिसतं. सोल्यूशन वाईट नाही, पण जुन्या शिवणीच्या जागी ते ओतलं की पुढच्या कारागिराला टाका घालणं अवघड होतं. त्यांनी केलेलं एखादं जुनं काम बघायला मागा. टाके सारख्या अंतरावर आहेत का, एवढंच बघा. मग हे विचारा: जुन्याच भोकांतून शिवणार का? लोखंडी खिळे वापरणार का? सालीने कमावलेल्या चामड्यात लोखंड आणि ओल एकत्र आली की काळे डाग उठतात. पितळी खिळे किंवा लाकडी खुंट्या म्हणणारा माणूस जाणता आहे. आणि रंग? "रंग को हाथ नहीं लगाऊँगा" हे ऐकायला मिळालं तर निश्चिंत व्हा.

जो म्हणेल "ये दरार नहीं भरेगी", त्याच्यावर विश्वास ठेवा. तडा गेलेलं चामडं पुन्हा सलग होत नाही. आतून आधार देता येतो, बस.

काम देताना

काय करायचं आणि काय नाही, हे एका कागदावर हिंदीत लिहून द्या. "पॉलिश नहीं, रंग नहीं, पुराना सोल फेंकना नहीं." आगाऊ पैसे चामडं-दोऱ्यापुरते द्या. घाई करू नका. चामड्याचा सोल भिजवून, ठोकून, शिवून सावलीत वाळू द्यावा लागतो. दिवाळीच्या आधी लग्नसराईची कामं असतात, तेव्हा तर नकोच. किमतीत घासाघीस मी केली नाही. मेणाच्या दोऱ्याने हाताने घातलेला टाका मशीनच्या टाक्याच्या भावात मागणं बरोबर नाही.

शक्य असेल तर आधी साधा जोड द्या. माझी एक जुनी चामडी चप्पल चाचांनी आधी शिवली, मग मी लाल जोडा काढला.

परत आल्यावर

फोटोंशी ताडून बघा. आत बिनछापील पांढरा कागद चुरगळून भरा, कारण वर्तमानपत्राची शाई लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, सुती पिशवीत ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढा.

आणि काढलेला जुना सोल, टाचेचे थर, तुटलेल्या वादीचे तुकडे, सगळं मागून घ्या. पणजोबांच्या जोड्याचा जुना सोल मी चिठ्ठी लावून त्याच पेटीत ठेवला आहे. मूळ टाके किती अंतरावर होते, हे पुढच्या कारागिराला त्यावरून कळेल.