लिनक्स लायब्ररी कुठे शोधतो: अंदाज बांधू नका, लोडरलाच विचारा

‘लिबप्रोज.एसओ.25: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. म्हणजे प्रोग्रामला लागणारी प्रोज ही लायब्ररी (नकाशाच्या प्रक्षेपणांचा तयार कोड असलेली फाइल) सापडली नाही. हा एरर आला की आमच्या लॅबमधली मुलं काय करतात ते मला पाठ आहे. कुठून तरी लायब्ररीचा फोल्डर सांगणारी एक एक्सपोर्टची ओळ उचलायची, बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलीत) चिकटवायची, प्रोग्राम चालला की विषय बंद. मग काही आठवड्यांनी त्याच खात्यात पायथन रुसतो, भलताच प्रोग्राम कोसळतो, आणि लॅपटॉप काखोटीला मारून स्वारी माझ्या टेबलाशी हजर. सर्व्हर सांभाळणं माझ्याकडे असल्यामुळे निस्तरणंही माझ्याकडेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कंपाइल करताना -एल (कॅपिटल) देऊन जो फोल्डर दाखवता, तो फक्त त्या वेळच्या लिंकरसाठी (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनासाठी) असतो. प्रोग्राम चालवताना त्याची आठवण कोणालाही नसते. बायनरीत (तयार झालेल्या प्रोग्रामच्या फाइलीत) उरतं ते फक्त नाव, म्हणजे ‘लिबजीडॅल.एसओ.34’ एवढंच (जीडॅल ही भौगोलिक डेटा वाचणारी लायब्ररी). ते कुठल्या फोल्डरात आहे हे शोधण्याचं काम डायनॅमिक लोडरचं. 64 बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर तो एलडी-लिनक्स-एक्स86-64.एसओ.2 या नावाने असतो. कर्नल बायनरीत त्याचा पत्ता वाचतो, त्याला बोलावतो आणि पुढचं त्याच्यावर सोपवतो.

ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा) हा लोडर ठरलेल्या क्रमाने शोधतो. नावातच स्लॅश असेल तर शोधाशोध नाहीच, तो सरळ पत्ता समजला जातो. नसेल तर आधी बायनरीत कोरलेला आरपाथ (शोधायच्या फोल्डरांची यादी), पण त्याच फाइलमध्ये रनपाथ (त्याच यादीचा नवा प्रकार) नसेल तरच. मग एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग रनपाथ. त्यानंतर /इटीसी/एलडी.एसओ.कॅश ही एलडीकॉन्फिगने बनवलेली तयार यादी, आणि अगदी शेवटी /लिब, /यूएसआर/लिब यांसारखे ठरलेले फोल्डर. एलडी_प्रीलोड या व्हेरिएबलमध्ये कोणी काही घातलं असेल तर ते या सगळ्यांच्या आधी मेमरीत जाऊन बसतं. आणि त्याच नावाची लायब्ररी त्या प्रोसेसमध्ये आधीच लोड झाली असेल तर दुसऱ्यांदा शोध होत नाही, आहे तीच वापरली जाते. पायथनच्या व्हील (आयत्या बांधलेल्या) पॅकेजमध्ये लायब्ररीच्या नावांना विचित्र अक्षरांची शेपटी लावलेली असते ती याचसाठी, दोन पॅकेजांनी एकमेकांची लायब्ररी पळवू नये म्हणून.

आरपाथ आणि रनपाथ हे जुळे भाऊ वाटतात, पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्यांच्यातल्या फरकात असतं. जरा सावकाश वाचा.

समजा उबुंटू 22.04 आहे. त्याच्यासोबत येणारं प्रोज 8.2 आहे, त्याची लायब्ररी लिबप्रोज.एसओ.22. तुम्हाला हवंय 9, म्हणजे एसओ.25. तुम्ही प्रोज 9 आणि जीडॅल 3.8 सोर्सपासून बांधून /ऑप्ट/जिओ/लिब मध्ये ठेवलंत. तुमचा ‘नकाशा’ नावाचा प्रोग्राम -डब्ल्यूएल,-आरपाथ देऊन त्याच फोल्डरकडे वळवलात. सगळं नियमानुसार. तरी चालवल्यावर वरचाच एरर. जीडॅल सापडलं, पण त्याच्याच शेजारी, त्याच फोल्डरात बसलेलं प्रोज मात्र सापडत नाही.

रीडएल्फ ही कमांड बायनरीतल्या नोंदी वाचून दाखवते, बघा:

रीडएल्फ -डी ./नकाशा

यात नीडेडच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळीत लिबजीडॅल दिसेल आणि खाली ‘लायब्ररी रनपाथ: [/ऑप्ट/जिओ/लिब]’. तुम्ही आरपाथ मागितला होता, उबुंटूच्या लिंकरने रनपाथ लिहिला. हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंवर असंच होतं. आरपाथ ही आजोबांची ओळख आहे, नातवालाही कामी येते: मूळ प्रोग्रामचा आरपाथ त्याच्या लायब्ररींच्या लायब्ररींनाही लागू होतो. रनपाथची ओळख मुलापुरतीच. ‘नकाशा’ने स्वतः मागितलेलं जीडॅल त्याने मिळालं. प्रोज मात्र मागितलं जीडॅलने, त्यामुळे लोडर जीडॅलच्या फाइलमधला रनपाथ बघतो. तिथे काहीच नाही, कारण सीमेकला (बांधणीच्या साधनाला) वेगळं सांगितलं नसेल तर इन्स्टॉलच्या वेळी तो बांधणीच्या वेळचा पाथ पुसून टाकतो.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, लोडर स्वतः सांगतो:

एलडी_डीबग=लिब्स ./नकाशा 2> शोध.टीएक्सटी

शोध.टीएक्सटी उघडा. प्रत्येक लायब्ररीसाठी ‘फाइंड लायब्ररी’ अशी ओळ, खाली कुठे कुठे बघितलं त्याच्या ओळी. जीडॅलच्या खाली ‘सर्च पाथ=/ऑप्ट/जिओ/लिब’ आणि त्याच ओळीत ‘रनपाथ फ्रॉम फाइल ./नकाशा’ असं असेल. कुठला फोल्डर आणि तो कोणाच्या सांगण्यावरून, दोन्ही एकाच ओळीत, म्हणून मला ही फाइल फार आवडते. आता प्रोजकडे या. तिथे ती रनपाथची ओळ नाहीच. थेट ‘सर्च कॅश’, मग ‘सिस्टिम सर्च पाथ’, मग ‘ट्राइंग फाइल’च्या चारदोन ओळी, मग एरर. मध्येच ग्लिबसी-एचडब्ल्यूकॅप्स अशी उपफोल्डरांची रांग दिसली तर गोंधळू नका. ग्लिबसी 2.33 पासून लोडर आधी प्रोसेसरच्या कुवतीप्रमाणे खास आवृत्ती आहे का ते तिथे बघतो. ते फोल्डर नसतील तर काही बिघडत नाही.

रोग कळला की औषध सोपं आहे. जीडॅललाच त्याचा रनपाथ द्या. पुन्हा बांधणार असाल तर सीमेकला -डीसीमेक_इन्स्टॉल_आरपाथ='$ओरिजिन' द्या. बांधायचा कंटाळा असेल तर तयार फाइलीतला पाथ बदलणारं पॅचएल्फ आहे:

पॅचएल्फ --सेट-आरपाथ '$ओरिजिन' /ऑप्ट/जिओ/लिब/लिबजीडॅल.एसओ.34

$ओरिजिन म्हणजे ‘ही फाइल जिथे आहे तो फोल्डर’. अख्खं /ऑप्ट/जिओ उचलून दुसरीकडे नेलं तरी जीडॅलला प्रोज सापडेल, ‘नकाशा’चा पाथ तेवढा बदलावा लागेल. एकेरी अवतरणचिन्ह विसरू नका, नाहीतर शेल त्याला स्वतःचं व्हेरिएबल समजून तिथे रिकामी जागा ठेवेल. लिंकरला --डिसेबल-न्यू-डीटॅग्ज देऊन जुना आरपाथ मिळवणं हाही एक मार्ग आहे. मी तो टाळतो, कारण आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी लागतो आणि मग चाचणीपुरती दुसरी आवृत्ती वापरून बघायची सोय राहत नाही.

कॅशचा रस्ता कधी घ्यायचा? लायब्ररी खरोखर सगळ्या मशीनसाठी असेल तेव्हाच. /इटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये फोल्डराचं नाव लिहिलेली .कॉन्फ फाइल ठेवायची आणि सुडो एलडीकॉन्फिग चालवायचं. उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब आधीच यादीत असतं, तिथे फाइल टाकल्यावर फक्त एलडीकॉन्फिग पुरतं. तेवढंच विसरून ‘फाइल तर तिथेच आहे, दिसत का नाही’ म्हणत बसलेले बरेच भेटतात. एलडीकॉन्फिग -पी ने यादी छापून ग्रेप करा (त्यात नाव शोधा), लगेच कळतं. पण /ऑप्ट/जिओ/लिब सरसकट यादीत घालू नका. प्रोजच्या नावात 22 आणि 25 असा फरक आहे, ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. प्रोजला एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसची लायब्ररी) लागतं, आणि ते तुम्ही त्याच फोल्डरात बांधलं असेल तर त्याचं नाव मात्र सिस्टिममधल्यासारखंच लिबएसक्यूलाइट3.एसओ.0. मग तुमची घरगुती आवृत्ती अख्ख्या मशीनच्या गळ्यात पडू शकते.

आता त्या एक्सपोर्टच्या ओळीकडे येऊ. बॅशआरसीतलं एलडी_लायब्ररी_पाथ त्या टर्मिनलमधून सुटणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं. ज्याला नको आहे त्यालाही. वर त्या ओळीच्या शेवटी बहुधा ‘:$एलडी_लायब्ररी_पाथ’ असतं. ते व्हेरिएबल आधी रिकामं असेल तर शेवटी नुसता कोलन उरतो, आणि लोडर त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘सध्याचा फोल्डर’ असा घेतो. म्हणजे कोणाची तरी झिप उघडून त्या फोल्डरात उभे असाल तर तिथली लायब्ररीसुद्धा उमेदवार झाली. वापरायचंच असेल तर एकाच कमांडच्या आधी लिहा, एंटर मारलं की तेवढ्यापुरतं. सेटयूआयडी (फाइलीच्या मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या) प्रोग्रामसाठी लोडर हे व्हेरिएबल मुद्दामच दुर्लक्षित करतो, तेव्हा तिथे ‘चालत का नाही’ म्हणून डोकं आपटू नका.

एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) सगळ्यांना माहीत असतं आणि झटपट बघायला ठीक आहे. पण काही वेळा ते प्रोग्रामचा काही भाग प्रत्यक्ष चालवू शकतं. अनोळखी बायनरीवर ते चालवू नका. तिथे रीडएल्फ किंवा ऑब्जडंप -पी वापरा, ते फक्त फाइल वाचतात.

एवढं करूनही अडलात तर माझ्याकडे जरूर या. येताना प्रोग्राम आणि अडलेल्या लायब्ररीला मागणारी लायब्ररी, दोन्हींचं रीडएल्फ -डी, आणि ती शोध.टीएक्सटी घेऊन या. फाइल बनवताना मात्र ती एक्सपोर्टची ओळ काढा आणि नवीन टर्मिनल उघडा, नाहीतर आपण दोघंही चुकीच्याच क्रमाचा अभ्यास करत बसू.