जन्माची उशिरा नोंद: कोतवाल बुकापासून सुरुवात करा

बांगलादेशातून बेकायदा आलेल्यांनी उशिराच्या जन्मनोंदीतून दाखले मिळवल्याच्या तक्रारी झाल्या आणि १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने ही वाट अरुंद झाली. चाळणी मात्र सगळ्यांनाच लागते, सुईणीच्या हातून घरी जन्मलेल्या आपल्या मजुरालाही. म्हणून अर्जाआधी कागद जमवा.

नोंद जन्म झाला त्या गावी होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर नोंद आढळत नसल्याचं अनुपलब्धता प्रमाणपत्र माहेरच्या ग्रामपंचायतीचंच हवं. सासरच्या ग्रामपंचायतीचं आणलं की अर्ज तिथेच अडतो.

मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेचा अर्ज टाका. गाव, वडिलांचं पूर्ण नाव, अंदाजे साल लिहा आणि मागची-पुढची दोन-दोन वर्षंही शोधायला सांगा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. म्हणून भावंडांचे दाखलेही जोडा, म्हणजे ही नोंद कोणाची ते कळतं. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या. तिथे अंदाजे टाकलेली १ जुलै आणि कोतवाल बुकात दुसरीच तारीख निघाली, तर लपवू नका. फरक कसा पडला ते प्रतिज्ञापत्रात लिहा. खाडाखोड केलेली प्रत तर देऊच नका, खोट्या कागदावर गुन्हा दाखल होतो.

एक वर्ष उलटलं असेल, तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याआधी जाहीर नोटीस निघते, पोलिसांचा अभिप्राय येतो. जुना आदेश हाती असेल, तर सही बघा. ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश शासनाने मागे घ्यायला लावले आहेत. तसा असेल, तर नव्याने अर्ज करा.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना आईवडिलांपैकी कोणाचं नागरिकत्व आहे हेही पाहिलं जातं, तेव्हा त्यांचे शाळेचे दाखले आणि सातबारा फेकू नका. परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या माणसावरच टाकला आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना साक्षांकित प्रती सोबत घ्या, मूळ कागद घरी पेटीत राहू द्या.